पहिला नग

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी शेड उघडायला गेलो तर प्रसाद आधीच हजर. सोबत एक तगडा माणूस, हातात टेप. जिम काढायची आहे म्हणे त्याला. लांबी घेतली, रुंदी घेतली, वर पत्र्याकडे बघून "उन्हाळ्यात तापेल" म्हणाला आणि गेला. मग चिरंजीव म्हणाले, "पप्पा, संक्रांतीपर्यंत सांगतो म्हटलंय त्याला. शेड भाड्याने देऊन टाकू."

मला विचारायच्या आधी.

पण मुलगा खोटं काही बोलत नाही. खिडकीच्या ग्रिलचं शेवटचं मोठं काम कधी झालं ते युनूसलाही आठवेना, आणि युनूस बावीस वर्षं माझ्याकडे वेल्डिंग करतोय. सगळीकडे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. कूलरचे सांगाडे करायचो, ते आता प्लास्टिकचे आयते मिळतात. राहिलं काय, तर गेटच्या बिजागऱ्या आणि शेजाऱ्यांच्या खुर्च्यांचे पाय.

"संक्रांतीपर्यंत नवीन काम शोधलं तर?"
"शोधा ना. पण कोणतं?"

तेच तर.

१३ नोव्हेंबर

धंदा मला कायम कानातून आलाय. पहिलं स्वतःचं काम मिळालं ते धुळ्याच्या स्टँडवर. मागच्या बाकावर दोन मास्तर बोलत होते, शाळेत सायकली उन्हात उभ्या राहतात, पोरांच्या ट्यूबा जातात. मी मागे वळलो, म्हटलं, सर, पत्र्याचं छप्पर करून देऊ का. तेव्हा वेल्डिंगचं मशीनही नव्हतं माझ्याकडे. भाड्याने आणलं.

म्हणून ठरवलं. दोन महिने आहेत, ऐकत फिरायचं. सकाळी चहाची टपरी, दुपारी बँकेतला बाक, संध्याकाळी दाढीचं दुकान, दाढी वाढलेली असो-नसो.

आजचं ऐकलेलं : एकाच्या जावयाची तक्रार, दोघांच्या गुडघ्यांची, आणि केळीच्या भावाबद्दल सगळ्यांची. लोखंडाचं काम एकातही नाही.

१५ नोव्हेंबर, शनि.

आज मी कुठे गेलो नाही आणि आजच ऐकायला मिळालं.

चारच्या सुमारास एक बाई शेडमध्ये आली. सुनंदा. इथेच पिंप्राळ्यात मागच्या गल्लीत राहते, माहेर एरंडोलकडचं. फ्लॅटवाल्यांकडे स्वयंपाकाची कामं करते. "भाऊ, वांगी भाजायला काहीतरी करून द्या." मला वाटलं घरच्यापुरती जाळी. तर नाही. ती लोकांची वांगी भाजून देते. लोक वांगी आणून ठेवतात, ती कपाशीच्या काड्यांवर भाजते, लोक घेऊन जातात. भरीत ज्याचं त्याने घरी करायचं. गेल्या हिवाळ्यापासून हे चालू आहे, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर.

जळगावात आल्यापासून दर थंडीत भरीत खातोय. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत पुढे आलं की "काड्यांची चव नाही" म्हणणारी माणसं मी शेकड्याने ऐकली. मी स्वतः म्हटलंय, बायकोच्या, मंगलच्या समोर, ताटावर बसून, आणि त्यावर काय ऐकून घेतलं तेही आठवतंय. मी तक्रार ऐकली. या बाईने त्यात धंदा ऐकला.

तिची अडचण : तीन विटा आणि जाळी, एवढंच सामान. धूर मागच्या घरात जातो, ते लोक भांडतात. शिवाय वांगी एकमेकांत मिसळतात. तिने चॉक मागितला आणि खाली कोब्यावर बसून काढायला लागली. लांबट पेटी, वर झाकण, आत खण.

"खण कशाला? सगळी एकदम भाजा."
"भाऊ, लोके आपलं वांगं ओळखतस. बामणोदचं वांगं आसोद्याच्या पिशवीत गेलं का मारामारी."

म्हणून तिला नंबरचे बिल्ले हवेत. एक वांग्याच्या देठाला तारेने बांधायचा, जोडीचा गिऱ्हाइकाच्या हातात. म्हटलं, हे कुठे पाहिलंत? तर म्हणाली गिरणीवर. डबे ठेवून येतो, पीठ ज्याचं त्याला मिळतं. वांग्याने काय पाप केलंय.

"आणि मुळात हे भाजून द्यायचं सुचलं कसं?"
"सुचनं."

बस. एवढंच. हात झटकून उभी राहिली.

१६ नोव्हें., रविवार

सुट्टी असून शेडमध्ये. युनूसला बोलावलं. तिच्या आकृतीभोवती आम्ही दोघे उकिडवे बसलो. धुराड्याची उंची शेजारच्या गच्चीच्या वर जायला हवी, पण फार उंच केलं तर ओढ जास्त होऊन काड्या भडाभडा जळतील आणि वांगी बाहेरून कोळसा, आतून कच्ची. म्हणून धुराड्याला सरकती पट्टी. झाकण माझ्या डोक्यातलं : भाजून झालं की हवा बंद करायची, वांगी आतल्या वाफेवर पाच मिनिटं राहतील, साल आपोआप सुटेल.

युनूस म्हणाला, "नाना, वांग्याला एवढा बंगला? मला दोन खोल्या बांधून द्या."

तीन वेळा पुसलं, चार वेळा काढलं. दुपारचं जेवण थंड झालं. मंगलचा फोन आला तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो, असं ती म्हणते.

२४ नोव्हेंबर

पेटी तयार. सोळा खण. बिल्ल्यांवर नंबर मी स्वतः ठोकले, एक ते सोळा, दोन-दोन. युनूसने विचारलं, आता काय राहिलं. मी प्रसादशी जिमवाल्यावरून बोलत होतो, तिकडूनच म्हटलं, रंग मारून दे.

२६ नोव्हेंबर, बुध. चंपाषष्ठी

झालं ते सगळं लिहितो.

आज चातुर्मासाचं वांगं सुटतं. चार महिने ज्यांनी खाल्लं नाही त्या सगळ्या घरांत आज भरीत-रोडगा, आधी खंडोबाला नैवेद्य, मग पानं. सुनंदाकडे सकाळी सातपासून पिशव्या. नवीन पेटी आजच पहिल्यांदा पेटवायची होती. साडेआठला तिचा फोन : "भाऊ, जरा येऊन जा." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच चहा तसाच ठेवून निघालो.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. रेड ऑक्साईड. माझ्या शेडमधून कुठलीही वस्तू तांबडा हात मारल्याशिवाय बाहेर जात नाही. तीस वर्षांची शिस्त. गेट असो, ग्रिल असो, जिना असो. युनूसने शिस्तीत मारला : बाहेरून, आतून, जाळीला, खणांना. ज्यात लोकांचं अन्न भाजायचं त्याला. मीच सांगितलं होतं.

पेटीत सोळा घरांची वांगी. अंगणात बायका थांबलेल्या, हातात बिल्ले. सुनंदाने मला आत घेतलं आणि एक वांगं सोलून नाकासमोर धरलं. मी हळूच म्हटलं, "वरची साल काढली तर फारसं कळणार नाही." का म्हटलं कोण जाणे. घाबरलं की माणूस काहीही बोलतो. तिने वांगं खाली ठेवलं. मग बाहेर गेली.

"ताई, ही वांगी देवाला चालायची नाहीत. पेटी नवी, रंगाचा वास लागलाय. आमची चूक. दुसरी आणते, पुन्हा विटांवर भाजून देते. बसा."

"आमची चूक" म्हणाली. माझ्याकडे बोट केलं नाही.

मी स्कूटरवर बाजारात. मिळाली तेवढी भरताची वांगी उचलली, दोन फेऱ्या. परत आलो तर विटा पेटलेल्या. एक म्हातारी अक्का काही ऐकेना. वांगी तिच्या शेतातली होती, बाजारची तिला नको. "आमना देव काय दुपारलोंग उपाशी राही?" तेव्हा सुनंदाने आतून टोपली आणली. तिच्या भावाने एरंडोलहून पाठवलेली, तिच्या स्वतःच्या घरच्या नैवेद्याची. "अक्का, ही शेतातलीच. बाजाराचा हात लागेल नही."

अक्काने टोपलीतलं एक वांगं उचलून देठ बघितला. मग कोणीतरी मागून म्हणालं, "अक्का, देव थांबतो. तुमच्या घरच्या आबांना भूक लागली तर ते थांबतील का ते बघा." बायका हसल्या. अक्काही हसली, आणि टोपलीतली निम्मीच घेतली.

शेवटचा बिल्ला परत आला तेव्हा दीड वाजला होता. चार-पाच तास त्या बायका तिच्या अंगणात बसून होत्या. एकही रागावून गेली नाही. मी विटांपाशी काड्या सारत होतो. डोळ्यांतून पाणी, धुराचं.

माझ्या घरी भरीत झालं नाही. मंगलने वांगी मला बाजारातून आणायला सांगितली होती. मी दोन फेऱ्या आणली, सगळी तिकडे दिली.

२७ नोव्हेंबर

पेटी परत आणली. युनूस खाली बघून उभा. म्हटलं, तू काय करणार, सांगणारा मी. आतून सगळा रंग ग्राइंडरने काढला, मग तीन वेळा रिकामी पेटवून तापवली. संध्याकाळी एक वांगं भाजून दोघांनी मिठाबरोबर खाल्लं. युनूस म्हणाला, "आता फक्त वांग्याचा वास." तरी चौथ्यांदा पेटवली.

५ डिसेंबर

सुनंदाच्या अंगणात रोज रांग. चंपाषष्ठीला ज्या सोळा जणी थांबल्या, त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? वांगी बिघडली हे सांगितलंच असेल. पण त्याच्यापुढे जे झालं तेही सांगितलं असणार. एक बाई मला म्हणाली, "नाना, ती खोटं बोलत नाही, म्हणून वांगी ठेवून निर्धास्त बाजारात जाता येतं." धूर गच्चीच्या वरून जातो. मागच्या घरातले आता स्वतःच पिशवी आणतात.

माझं मात्र कोरडं. टपरीवर आज पुन्हा जावई.

१० डिसेंबर, बुध.

दोंडाईचाचे एक शेठ शेडमध्ये आले. धान्याचा व्यापार. सासुरवाडी इथली, काल तिथे भरीत जेवले, सकाळी सुनंदाची पेटी पाहून थेट इकडे. "अशा पाच पाहिजेत. आमच्याकडे पाच चौकात पाच जण बसवतो."

प्रसाद तिथेच होता. शेठ गेल्यावर म्हणाला, "पप्पा, सापडलं ना काम. आज पाच, पुढच्या थंडीत पन्नास. फोटो टाकतो मी मोबाईलवर."
"कल्पना तिची आहे."
"तिच्याकडे पेटंट आहे का?"
"नाही."
"मग?"

पाच पेट्या म्हणजे शेडला तीन आठवड्यांचं काम. जिमवाल्याला नाही म्हणता येईल. हे मला कळत होतं. आणि त्या दिवशी "आमची चूक" म्हणाली तेही कानात होतं.

मंगलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिलाच विचारा. पाच मिनिटांवर तर राहते."

किती सोपं बोलतात बायका.

१४ डिसेंबर, रविवार

गेलो. सुनंदा तिच्या घरचं भरीत करत होती. लाकडी बडगीत वांगी, हिरवी मिरची, लसूण. दांडा माझ्या हातात दिला, म्हणाली, ठेचा. ठेचता ठेचता सांगितलं दोंडाईचाचं. वाटलं रागवेल. निदान गप्प होईल.

"करा ना. मी काय दोंडाईचाले वांगी भाजायला जाणार शे?"
"पण बिल्ले, खण, सगळं तुमचं डोकं."
"बिल्ले गिरणीवाल्याचे."

मग लसूण सोलत : "त्यांना भाजता येतं का?" म्हटलं, वांगंच तर भाजायचं. तर हसली. कोणत्या काड्या, किती सुक्या, वांगं कधी फिरवायचं, पट्टी कधी ओढायची. "पेटी तुमची घेतील आणि वांगी जाळतील. मग म्हणतील पेटी खराब. त्यांची माणसं तीन दिवस माझ्याकडे पाठवा. शिकवते. त्याचे मी घेईन." एक क्षणही लागला नाही तिला. मी तिथे कसं तोंड दाखवायचं याची चार दिवस तयारी करत होतो, आणि बाईने बसल्या जागी दुसरा धंदा काढला.

मग पुन्हा विचारलं. "खरं सांगा, सुचलं कसं?"

आज सांगितलं. ज्यांच्याकडे कामाला जायची त्यातल्या एका ताईंनी म्हटलं, तुझ्याकडे चूल आहे, एवढी दोन वांगी भाजून आण. आणली. मग त्यांच्या जाऊबाईंची. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांची. दोन हिवाळे फुकट. नाही म्हणायची लाज. एका रविवारी दारात अकरा पिशव्या. घरचा स्वयंपाक राहिला, नवरा चिडून बाहेर गेला, ती चुलीपाशी बसून रडली.

"रडता रडता पिशव्या मोजल्या, भाऊ. अकरा. मंग म्हटलं, या बठ्ठ्या बाया गिरणीवाल्याले पैसा देतस ना?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला सांगितलं, आजपासून भाजण्याचे पैसे. दोघींनी पिशवी उचलली. नऊ जणींनी "हो" म्हटलं, त्यातली एक म्हणाली, "बरं झालं, मला सांगायला संकोच वाटत होता."

मी दांडा थांबवला होता. ती म्हणाली, "ठेचा, भाऊ. लसूण दिसतोय अजून."

१५ डिसें.

झोपेतून उठल्यापासून एकच गोष्ट डोक्यात. लोक जे आपल्याकडून फुकट करून घेतात.

मी आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे कान लावून बसलो, त्यांना काय पाहिजे म्हणून. ते माझ्याकडून काय नेतात ते बघितलंच नाही.

दुपारी एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर आले. मागच्या फेब्रुवारीत आले होते, ज्वारीचे बिबडे-पापड वाळवायच्या चौकटी पाहिजेत म्हणून. फ्लॅटमध्ये गच्ची मिळत नाही, बाल्कनीत एकावर एक सात चौकटी, मध्ये वारा जाईल अशा. मोठी सुरेख कल्पना. बायकोच्या बिबड्यांवर चिमण्या बसल्या तेव्हा सुचली म्हणाले. मी त्यांना दोन दिवस बसून काढून दिलं होतं : जाळी कोणती, अंतर किती, घडी कशी होईल. त्यांनी मोबाईलवर फोटो घेतला आणि चौकटी धुळ्याला करून घेतल्या. तिथे किलोला स्वस्त पडलं. आता त्या भाड्याने देतात, छान चाललंय. आज आले ते चाकं कशी बसवायची विचारायला. मी चॉक घेऊन बसलोच होतो.

"नाना, तुम्ही देवमाणूस," म्हणाले आणि फोटो काढून गेले.

लोखंडाचं बिल किलोवर होतं. अँगल किती किलो, पत्रा किती किलो. चॉकचं काहीच वजन नाही.

युनूसला विचारलं, या वर्षात असे किती जण कोब्यावर काढून घेऊन गेले आणि परत आले नाहीत? त्याने बोटं मोजली, एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग म्हणाला, "नाना, माझी बोटं पुरायची नाहीत. तुमची द्या."

२० डिसेंबर, शनि.

दोंडाईचाच्या शेठना दोन गोष्टी सांगितल्या. माणसं तीन दिवस सुनंदाकडे शिकतील, त्याचे तिला द्यायचे. आणि माझं बिल किलोवर नाही. लोखंडाचं वेगळं, विचाराचं वेगळं.

शेठ चष्म्यावरून बघत राहिले. "विचाराचं? डोकं तराजूत ठेवणार का, नाना?"
"ठेवलं तर तुमच्या काट्यावर ठेवतो. तो जरा तुमच्याकडे झुकतो असं ऐकलंय."

हसले. धान्याचे व्यापारी, त्यांना काट्याचा विनोद सोसतो. पण सुनंदाचं लगेच मान्य केलं, माझ्यावर अर्धा तास घासाघीस केली. शिकवण्याचे पैसे माणसाला समजतात. शेवटी म्हणाले, एक पेटी जळली तर तुम्ही येऊन बघायचं. म्हटलं, येईन, तेच तर विचाराचं. दिले.

आयुष्यात पहिल्यांदा चॉकचे पैसे. संध्याकाळी मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षं गावाला फुकट डोकं वाटलं. मी स्वयंपाकघरातली मांडणी मागतेय, ती अजून मोजमापातच आहे."

रास्त आहे. उद्या माप घेतो.

२९ डिसेंबर

शेठची दोन माणसं सुनंदाकडे शिकून गेली. पहिल्या दिवशी त्यांना वांगी फक्त पुसायला लावली. दुसऱ्या दिवशी काड्या निवडायला. "दादा, ओली काडी घातली तर वांग्याला खोकला लागतो." तिसऱ्या दिवशी भाजू दिलं. त्यातला एक मला म्हणाला, आमच्या शाळेत असे मास्तर असते तर शिकलो असतो.

तीन पेट्या गेल्या, दोन चालू. आतून रंग नाही. युनूसने स्वतः खडूने आत लिहून ठेवलंय : रंग नको.

३ जानेवारी, शनि.

प्रसादशी बोललो, सरळ. शेड ठेवायची, पण ग्रिलचं दुकान म्हणून नाही. ज्याच्या डोक्यात काहीतरी आहे आणि बाजारात मिळत नाही, त्याने यावं, आम्ही विचार करून पहिला नग करून देऊ. पुढचे त्याने कुठेही करावेत.

प्रसादने नीट ऐकलं. तो ऐकतो, हे मी कधी लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं. मग म्हणाला, "पप्पा, आयडिया चांगली आहे. पण पेट्या संपल्या की पुढचं गिऱ्हाईक कुठे आहे? ज्याच्याकडे पैसे असतात तो आयतं घेतो. तुमच्याकडे येतो तो माणूसच नवा, धंदाच सुरू न झालेला. तो विचाराचे पैसे कुठून देणार?"

बरोबर जागी बोट ठेवलं त्याने. माझाच मुलगा.

"संक्रांतीपर्यंत एक जरी आला," म्हणालो.
"एक आला तर जिमवाल्याला थांबवतो मी."

९ जानेवारी

बोर्ड रंगवायला टाकला. पेंटरने विचारलं, काय लिहू.
"पहिला नग करून मिळेल."
"कशाचा?"
"कशाचाही."
"नाना, लोक विचारतील."
"विचारू देत. विचारायला आत तर येतील."

बोर्ड लागला. आज तिघे आत आले. एकाने पत्ता विचारला, एकाने हवा भरायचा पंप आहे का विचारलं, तिसऱ्याने कशाचा नग ते विचारलं आणि हसत गेला.

मंगलची मांडणी झाली. रंग बाहेरून. तिने बोट फिरवून बघितलं, मग डबे लावायला घेतले. डबे लावताना गुणगुणत होती.

१२ जाने., सोम.

सुनंदा तीळगूळ द्यायला आली, दोन दिवस आधीच, म्हणे संक्रांतीला वेळ नाही, त्या दिवशीही वांगी आहेत. बोर्ड वाचला. "भाऊ, पहिल्या दिवशी दोन बायांनी पिशवी उचलली व्हती. मी त्यांच्या मागे गेली नही." मग जाता जाता, "त्यातली एक आज पिशवी घेऊन उनी."

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सकाळी दहाला एक जण आला. पद्मालयाला गणपतीच्या देवळाबाहेर हार विकतो, राहायला एरंडोल. सुनंदाच्या भावाकडून ऐकून आलेला. उन्हाळ्यात दुपारपर्यंत फुलं माना टाकतात. त्याला स्कूटरच्या मागे बसेल अशी पेटी हवी. आत ओलं पोतं राहील, पण पाणी फुलांना लागणार नाही, वारा आतून खेळेल. सुचलं कसं विचारलं. म्हणाला, बायको फुलं ओल्या लुगड्यात गुंडाळून देते, पण गिऱ्हाइकाला लुगडं दिसलं की हार घेत नाही.

चॉक दिला. काढायला बसला. हात चांगला आहे त्याचा. मी शेजारी बसलो, पोत्याला तळाशी जाळी कशी द्यायची ते बोलायला तोंड उघडलं, आणि बंद केलं. आधी सांगितलं : लोखंडाचं वेगळं, विचाराचं वेगळं. पहिला नग आम्ही चालेपर्यंत करून देऊ, फुलं संध्याकाळी ताजी दिसली नाहीत तर विचाराचं काही देऊ नका.

चॉक बोटांत फिरवत राहिला. मग उभा राहिला, पँट झटकली.

"घरी विचारतो, नाना."
"विचारा."

मागे गेलो नाही. फार जड गेलं. जाळीचं अर्धं वाक्य अजून तोंडात होतं. फोटो न काढता गेला, हे मात्र मी पाहिलं. युनूस झाडू घेऊन आला, त्याला म्हटलं, तेवढी जागा राहू दे.

चारला जिमवाला आला, प्रसादबरोबर. पक्कं माप घ्यायचं म्हणाला, मशीन कुठे बसतील ते ठरवायला. प्रसादने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, एक आला होता, घरी विचारून सांगतो म्हणालाय.

टेपचं एक टोक भिंतीला लावून जिमवाला मागे मागे सरकत त्या आकृतीपर्यंत आला. पाय तिच्यावर पडणार तेवढ्यात म्हटलं, "जरा तेवढं चुकवून." त्याने खाली बघितलं. "हे काय आहे?"

"फुलांची पेटी," प्रसाद म्हणाला. त्याला मी सांगितलेलं नव्हतं, बाजूला उभा राहून बघितलं असणार. आणि त्याने टेपचं दुसरं टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि चॉकच्या रेषा ओलांडून, पाय उचलून, पलीकडे गेला.